पन्नास षटकांचा 'इमर्जिंग' आशिया चषक गेला कुठे?

लेगबाय (धागाकर्ता), २४ नोव्हेंबर २०२५

काल दोह्यातली रायझिंग स्टार्सची, म्हणजे जुन्या 'इमर्जिंग' आशिया चषकाची, फायनल पाहिली का कुणी? दोन्ही संघ १२५ वर अडकले आणि सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तान शाहीन्सनी (म्हणजे त्यांच्या अ, दुसऱ्या फळीच्या संघानं) बांगलादेश अ च्या हातचा चषक काढून घेतला. आपली गाडी सेमीफायनललाच घसरली होती. सुपर ओव्हरमध्ये दोन चेंडू, दोन विकेटी, धावा शून्य. त्याबद्दल चिडचिड करायला दुसरा धागा आहे, तिथे मीही भरपूर करून आलोय.

माझं दुखणं वेगळं आहे. ही स्पर्धा मुळात पन्नास षटकांची होती हे किती जणांना आठवतंय? २०१३ ला सिंगापूरला पहिल्यांदा झाली तेव्हा आपला २३ वर्षांखालच्या पोरांचा संघ गेला होता. कप्तान सूर्यकुमार यादव. संघात बुमरा आणि अक्षर पटेल. फायनलला पाकिस्तानचा डाव १५९ वर आटोपला आणि के. एल. राहुल नावाचा पोरगा नाबाद ९३ करून घरी आला. तेव्हा पेपरात चार ओळींची बातमी आली असेल-नसेल.

पुढे २०१७, २०१८, २०१९ आणि २०२३, सगळ्या एकदिवसीयच झाल्या. २०२४ ला ओमानमध्ये वीस षटकांची केली आणि यंदा नावसुद्धा बदललं. ऋतुराज, शम्स मुलानी ही आपल्याकडची मंडळी २०१८ ला खेळायला गेली तेव्हा फायनल आपण तीन धावांनी हरलो होतो. श्रीलंका २७०, आपण २६७. पन्नास षटकं झुंजून तीन धावांनी हरणं आणि दोन चेंडूंत आटपणं, यात काही फरक आहे की मीच म्हातारा झालोय?

झणझणीत

म्हातारे झालात. पुढचा धागा.

रेवाची आई

लेगबाय, २०१९ विसरलात. बांगलादेशात सेमीफायनलला पाकिस्तानकडून पुन्हा तीनच धावांनी हरलो होतो. २६७ आणि २६४. मी तेव्हा रेवाला मांडीवर झोपवून आवाज बंद करून मोबाइलवर बघत होते. शेवटच्या षटकात ओरडता येईना आणि उठताही येईना.

आकडेमोड

धागाकर्त्यांच्या भावना पोचल्या, पण कारण सरळ आहे. जो आशिया चषक पुढ्यात असेल त्याच्या साच्यात आशियाई क्रिकेट परिषद हल्ली खालच्या स्पर्धा बसवते. २०२३ चा आशिया चषक पन्नास षटकांचा होता, म्हणून त्या वर्षी अख्खी शिडीच पन्नास षटकांची होती. सगळ्यात खाली बँकॉकला चॅलेंजर कप, तिथून सौदी अरेबिया आणि बहरीन वर चढले. मग नेपाळात प्रीमियर कप. त्यातला विजेता थेट आशिया चषकात आणि पहिले तीन संघ कोलंबोच्या इमर्जिंगमध्ये. २०२५ चा आशिया चषक वीस षटकांचा, म्हणून २०२४ चा प्रीमियर कपही वीस षटकांचा. यात कुणी कट केलेला नाही.

लेगबाय

कट म्हणत नाहीये हो. पण शिडी अख्खी बदलली की खालच्या पायरीवरच्या माणसाला पन्नास षटकं खेळायला मिळतात कुठे?

तुळजापूरकर

२०२३ चा विषय निघाला म्हणून लिहितो. १९ जुलैला दुपारी एसटी स्टँडसमोर मित्राच्या मोबाइलच्या दुकानात आम्ही सात-आठ जण एका स्क्रीनवर डोकी घालून बसलो होतो. कोलंबोत भारत अ विरुद्ध पाकिस्तान अ, आणि नवा चेंडू आमच्या राजवर्धन हंगरगेकरच्या हातात. चौथ्या षटकात त्यानं सईम अयुब आणि ओमैर युसुफ दोघांनाही भोपळ्यावर पाठवलं. दुकानात स्क्रीनगार्ड लावायला आलेलं गिऱ्हाईक तसंच उभं. 'आई राजा उदो उदो' असा गजर झाला तेव्हा समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवून काय झालं विचारलं.

शेवटी ४२ धावांत ५ विकेटी, पाकिस्तान २०५. मग साई सुदर्शननं नाबाद १०४ केले आणि सामना षटकारानं संपवला.

आता मुद्द्याचं सांगतो. त्यानं नवा चेंडू टाकला, मग मधे थांबला आणि जुना चेंडू घेऊन पुन्हा आला. दहा षटकांचा कोटा असला की गोलंदाजाला दुसऱ्यांदा येऊन डोकं चालवावं लागतं. चार षटकांत हे दिसत नाही.

झणझणीत

आणि फायनलला काय झालं ते पण सांगा की, तुळजापूरकर.

तुळजापूरकर

सांगतो ना, लपवायचंय काय त्यात! पाकिस्ताननं ३५२ ठोकल्या. आमच्या पोराला ४८ धावांत दोन मिळाल्या, पण एकूण गोलंदाजीचा भुगा झाला. तय्यब ताहिरनं ७१ चेंडूंत १०८ केले. आपण २२४ वर सगळे बाद, १२८ धावांनी हार. साखळीत आठ विकेटींनी हरवलेल्या संघाकडून चार दिवसांत असा मार.

कोलंबोकर

मी त्या फायनलला प्रेमदासावर होतो. कंपनीनं तेव्हा मला दोन वर्षांसाठी कोलंबोला पाठवलं होतं. रविवार होता. स्टेडियम मोठं आणि माणसं तुरळक, त्यामुळे यष्टीरक्षकाची बडबडसुद्धा वर ऐकू यायची. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेर रस्त्यावर कोट्टू रोटीवाल्याची दोन पाती तव्यावर खटाखट चालू होती, ती लय आत नव्या षटकाच्या आधी स्पष्ट यायची.

सामना कुठे फिरला ते सांगतो. सलामीला अयुब आणि साहिबजादा फरहान यांनी शंभरावर नेलं होतं, पण मग रियान परागनं लागोपाठ दोन घेतल्या आणि दोनशेच्या आत पाच जण तंबूत होते. तेव्हा आमच्या शेजारी बसलेले लंकेचे आजोबा म्हणाले की आता अडीचशे-पावणेतीनशेला संपेल. तिथून ताहिर आणि मुबासिर खान यांनी सव्वाशेच्या आसपास भागीदारी केली. घाई अजिबात नाही. आधी दहा षटकं एकेरी-दुहेरी, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक कुठे हललाय बघून तिथेच चेंडू ढकलायचा, आणि मग हाणामारी. आपल्या पोरांना मधल्या षटकांत चेंडू कुठे टाकावा हेच कळेना. मला तर तो डाव बघणं हाच तिकिटाचा मोबदला वाटला, आपण हरलो तरी.

म्हापशेकार

लेगबाय बाब, २०२३ च्या आपल्या संघाचं एक राहिलंच. आमच्या गोव्याचो मोहित रेडकर राखीव खेळाडूंत होता. राखीव म्हणजे घरीच, फोन वाजला तर बॅग भरायची. पण गोव्यातल्या फिरकीपटूचं नाव भारत अ च्या यादीत छापून आलं ही आमच्यासाठी केवढी गोष्ट! त्याच राखीव यादीत विदर्भाचा हर्ष दुबे होता. यंदा दोह्यात बांगलादेशाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना तीन पळून सामना सुपर ओव्हरला नेला, तोच हर्ष. मधल्या काळात रणजीच्या एका मोसमात ६९ विकेटी.

रेवाची आई

आणि तो शेवटचा चेंडू! यष्टीरक्षकाच्या हातात चेंडू होता, थांबला असता तरी जिंकले असते ते. उगाच स्टंपांकडे फेकला, नेम चुकला, यांनी तिसरी पळून काढली. चाळीतल्या क्रिकेटमध्ये आम्ही असं केलं असतं तर दादानं टपली मारली असती.

सरळबॅट

इथे सगळे २०२३ ची फायनल गोड करून सांगताहेत. दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. एक, साई सुदर्शन बाद झाला तो चेंडू नोबॉल होता असं रिप्लेवरून तेव्हा किती गाजलं होतं. दोन, आपण वीस-बावीस वर्षांची पोरं पाठवली. कप्तान यश धुल, आदल्या वर्षीच १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेला. समोर पाकिस्तानचा कप्तान मोहम्मद हारिस, २०२२ च्या टी-२० विश्वचषकाची फायनल खेळलेला. मोहम्मद वसीम ज्युनियर, दहानी हेही पाकिस्तानकडून खेळून आलेले. बांगलादेशाकडे सौम्य सरकार, २०१५ च्या विश्वचषकातला! त्याला उगवता तारा म्हणायचं असेल तर माझे सासरेही इमर्जिंगच.

आकडेमोड

सासऱ्यांचा स्ट्राइक रेट सांगा, मग ठरवू.

गंमत सोडा. नियमात बसत होतं म्हणून त्यांनी पाठवले. नावापुढे 'अ' लावून कोणता संघ आणायचा हे त्या त्या मंडळाच्या हातात होतं. आणि आपल्या त्या संघाकडे आज बघा. अभिषेक शर्मा, साई सुदर्शन, ध्रुव जुरेल, नितीशकुमार रेड्डी, हर्षित राणा, रियान पराग. सहा जण दोन-अडीच वर्षांत भारताकडून खेळले. १२८ धावांनी हरलेला संघ हा! तिकडे पाकिस्तानच्या सुफियान मुकीमचीही तीच गोष्ट. स्पर्धेनं आपलं काम चोख केलं, चषक कोणाकडे गेला हे मला तरी दुय्यम वाटतं.

सरळबॅट

दुय्यम? पाकिस्तानकडून १२८ धावांनी?

कोलंबोकर

सरळबॅट, नोबॉलचं मान्य. मैदानात आम्हाला काही कळलं नाही, घरून बहिणीचा मेसेज आला तेव्हा समजलं. पण सुदर्शन २९ वर गेला. पुढे अभिषेकनं ६१ केले, धुलनं ३९. एका टाचेपायी १२८ धावा जात नाहीत हो.

आणि एक नाव राहिलं. लंकेच्या अ संघाचा कप्तान होता दुनिथ वेल्लालगे, विशीतला पोरगा. सेमीफायनलला पाकिस्तानकडून हरला. सप्टेंबरमध्ये त्याच प्रेमदासावर आशिया चषकात त्यानं रोहित, गिल, कोहली, राहुल आणि हार्दिक असे पाच जण काढले, ४० धावांत. मी त्या दिवशीही होतो. जुलैत ज्या खेळपट्टीवर दहा-दहा षटकं घासली होती ती त्याला हाताच्या रेषांसारखी पाठ होती.

घाटरस्ता

तुम्ही सगळे भारत-पाकिस्तानातच अडकलात म्हणून लिहायला बसलो. ही स्पर्धा खरी कोणाची, ते मला कीर्तिपूरला कळलं.

२०२३ च्या एप्रिलअखेर लांगटांगचा ट्रेक उरकून काठमांडूला परतलो होतो. विमानाला दोन दिवस होते. गेस्ट हाउसच्या पोऱ्यानं सांगितलं, 'दाइ, टीयूमा फाइनल छ.' टीयू म्हणजे त्रिभुवन विद्यापीठाचं मैदान. गेलो. प्रीमियर कपची फायनल, नेपाळ विरुद्ध संयुक्त अरब अमिराती. वानखेडेसारखे स्टँड वगैरे काही नाही. मैदानाभोवती गवताचे उतार, त्यावर माणसंच माणसं. पोरं झाडांवर. ललित राजबंशीच्या फिरकीपुढे अमिरातीची फलंदाजी ढासळत होती आणि प्रत्येक विकेटीला उतार हलल्यासारखा वाटायचा.

मग पाऊस. माझ्याकडे पोंचो होता तो बॅगेत तळाला. शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते, त्यांनी न विचारता छत्री अर्धी माझ्यावर धरली. त्यांच्या मांडीवर शाळेची वही. प्रत्येक चेंडू लिहीत होते. पावसात ती वही त्यांनी स्वेटरच्या आत पोटाशी धरली. खेळ त्या दिवशी पुढे सरकलाच नाही. दुसऱ्या दिवशी राखीव दिवस होता, मी पुन्हा गेलो. मास्तर त्याच जागी.

अमिराती ११७. नेपाळचे सुरुवातीचे तीन झटपट गेले तेव्हा सगळा उतार गप्प झाला. मग गुलशन झा, १७ वर्षांचं पोर, नाबाद ६७. सात विकेटींनी जिंकले. नेपाळ पहिल्यांदा आशिया चषकात! मास्तर रडत होते आणि त्यातच शेवटचा चेंडू वहीत लिहीत होते.

आता आकडेमोड यांच्यासाठी आकडे. जुलैत कोलंबोला नेपाळ भारत अ विरुद्ध १६७ वर बाद झाला. कप्तान रोहित पौडेल आणि गुलशन झा सोडले तर कुणी उभं राहिलं नाही. आपण २३ षटकांच्या आत नऊ विकेटींनी जिंकलो. पण पाकिस्तान अ ला मात्र त्यांनी सहा विकेटी घेऊन घाम फोडला. आणि ४ सप्टेंबरला लंकेतल्या पल्लेकेलेला खऱ्या भारताविरुद्ध, रोहित-कोहलीच्या भारताविरुद्ध, नेपाळनं २३० केल्या. दीड महिन्यात १६७ वरून २३०. मधे काय झालं? पन्नास षटकं मोठ्या संघासमोर उभं राहण्याची सवय झाली, एवढंच.

आकडेमोड

घाटरस्ता, पोस्ट आवडली. पण हिशेब पुरता मांडू. पल्लेकेलेला पहिल्या पाच षटकांत आपण तीन झेल सोडले होते. आणि पाचच दिवस आधी मुलतानला पाकिस्ताननं त्यांना २३८ धावांनी लोळवलं होतं. एका स्पर्धेनं सवय लागते हे जरा भाबडं आहे. नेपाळची खरी घडण त्याआधीच्या विश्वचषक पात्रतेच्या लीग-२ मध्ये झाली. शेवटच्या बारापैकी अकरा सामने जिंकून एकदिवसीय दर्जा टिकवला त्यांनी.

घाटरस्ता

झेलांचं मान्य. पण तुम्हीच माझी बाजू मांडलीत की! लीग-२ सुद्धा पन्नास षटकांचीच.

आकडेमोड

हो, ते मात्र खरं. एक गुण तुम्हाला.

मस्कतवाला

ओमानबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी. एकोणीस वर्षं इथे आहे. मी आलो तेव्हा ओमानमध्ये गवताचं मैदान नव्हतं. शुक्रवारी सकाळी कोरड्या वाडीत (इकडे नदीच्या सुक्या पात्राला वाडी म्हणतात), दगड बाजूला करून, सिमेंटच्या पट्टीवर टेनिस बॉलनं खेळायचो. ऊन वाढायच्या आत, नऊपर्यंत खेळ संपवायचा आणि मग कुणाच्या तरी खोलीवर पोहे. समोरच्या संघातला एखादा पोरगा दोन वर्षांनी ओमानच्या संघात दिसायचा. दिवसा कंपनीत नोकरी, संध्याकाळी सराव. अजूनही बऱ्याच जणांचं असंच आहे.

आज मस्कतजवळ अल अमरातच्या मैदानावर गेलात तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. मागे नागडे तपकिरी डोंगर, पुढे हिरवंगार मैदान. २०२४ ची स्पर्धा तिथेच झाली. तिलक वर्माचा भारत अ सेमीफायनलला अफगाणिस्तानकडून हरला ती मॅच मी सहकुटुंब पाहिली. २०६ मारल्या त्यांनी. मजा आली, खोटं कशाला बोलू. मुलगा तर नाचत होता. साडेतीन-चार तासांत घरी.

पण माझ्या ओळखीतला एक जण ओमानकडून खेळायचा, नाव सांगत नाही. तो म्हणाला, वीस षटकांत मोठ्या संघाशी खेळताना आपण हरतोय हे कळेपर्यंत सामना संपतो. पन्नास षटकांत मात्र तिसाव्या षटकाला पाय जड होतात, पाणी प्यायला थांबलं की समोरच्याचे चेहरे ताजे दिसतात, आणि तेव्हा समजतं आपल्याला अजून काय शिकायचंय. बाहेरून बघताना हे कळत नाही असं त्याचं म्हणणं.

रेवाची आई

मस्कतवाला दादा, साडेतीन तासांत घरी हा मुद्दा हलका नाही हं. लहान पोरं घेऊन आठ तास कोण बसणार? प्रेमदासा रिकामं होतं असं कोलंबोकरांनीच लिहिलंय. प्रक्षेपणवाल्यांनाही पोट आहे. आणि वैभव सूर्यवंशीचे यंदाचे ४२ चेंडूंत १४४ पन्नास षटकांच्या सामन्यात झाले असते का? माझ्या रेवाला क्रिकेट आवडायला लागलं ते त्या डावामुळे. तीन तारखा पाठ आहेत तिला आता, त्यातली एक त्या डावाची.

लेगबाय

रेवाच्या आई, हे मान्य करायलाच लागेल. वीस षटकांची बंद करा असं माझं म्हणणं नाही. दोन्ही घ्या ना! एका वर्षी ही, एका वर्षी ती. २०२७ चा आशिया चषक बांगलादेशात पन्नास षटकांचा ठरलाय. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात विश्वचषक, तोही चौदा संघांचा. मग त्याआधीची इमर्जिंग तरी पन्नास षटकांची व्हावी एवढंच. आकडेमोड यांच्या साच्याच्या नियमानंही तेच निघतं.

आकडेमोड

निघतं. झाली तर पहिला धागा मी काढीन.

सरळबॅट

आणि तेव्हा सौम्य सरकार पुन्हा आला तर दुसरा मी काढीन.

झणझणीत

दोन वर्षांत तुमचे सासरे कप्तान होतील.

तुळजापूरकर

एक शंका. २०१८ ला पाकिस्तान आणि लंका दोघं मिळून यजमान होते ना? मला वाटतं आपले सामने कराचीला नाही, कोलंबोला झाले होते.

कोलंबोकर

बरोबर. एक गट कराचीला, आपला गट कोलंबोला आणि फायनलही कोलंबोलाच. २०२३ ला मोठ्या आशिया चषकाच्या वेळी 'हायब्रिड मॉडेल' म्हणून जो गाजावाजा झाला तो प्रकार पोरांच्या स्पर्धेत पाच वर्षं आधीच होऊन गेला होता. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून भांडण नव्हतं.

म्हापशेकार

लक्ष नाही तेच बरं, बाब. शांतपणे क्रिकेट तरी होतं.

रेवाची आई

घाटरस्ता, मघापासून विचारेन म्हणते. त्या मास्तरांनी वही दाखवली का हो तुम्हाला?

घाटरस्ता

दाखवली. सामना संपल्यावर खाली चहा प्यायलो तेव्हा. प्रत्येक डावाला त्यांनी घरूनच पट्टीनं पन्नास ओळी आखून आणल्या होत्या, षटकाला एक. अमिरातीचा डाव ३४ व्या ओळीवर संपला, नेपाळचा ३१ व्या. पहिल्या दिवशीच्या पानावर पावसाचा एक थेंब पडून शाई फुटली होती, तिथे त्यांनी बाजूला 'वर्षा' असं लिहून वेळ टाकली होती. उरलेल्या ओळी रिकाम्या का सोडल्या, रेघ का नाही मारली, असं मी विचारलं. म्हणाले, कागद महाग झालाय, नातीला शुद्धलेखनाला होतील.